महिनाअखेरचा तक्ता माल अडवत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड आणि चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतींतल्या टॉवेल, चादर आणि गणवेशाच्या कारखान्यांत साठा, बिले, जीएसटी आणि पगार एकाच सॉफ्टवेअरवर, म्हणजे ईआरपीवर, येऊ लागले आहेत. ते बसले की विकणारा सांगतो, 'आता क्वालिटीचे मॉड्यूलही सुरू करून टाकू.' सुरू होते. मग महिनाअखेरीला एक रंगीत तक्ता निघतो, की या महिन्यात सेकंड, म्हणजे दोषी, माल इतके टक्के. तोवर तो माल गाठी बांधून रवाना झालेला असतो. तपासणी सॉफ्टवेअरवर न्यायची तर दोषी माल पुढच्या खात्यात जाऊच नये, यासाठी न्यावी. नाहीतर वहीतले संगणकात उतरवणारा एक माणूस तेवढा वाढतो.

सुरुवात सुताच्या गोदामापासून करावी लागते. सूत आले की खोके मोजून, वजन घेऊन पावती फाडली जाते. काउंट, म्हणजे सुताची जाडी-बारीकी सांगणारा आकडा, बघायचा तो नंतर, सवड मिळाली तर. वास्तविक काम दहा मिनिटांचे आहे. रॅप रीलवर, म्हणजे सूत मोजून गुंडाळायच्या चक्रावर, 120 यार्डांची एक ली (लड) काढायची, ग्रॅममध्ये वजन करायचे आणि 64.8 ला त्या वजनाने भागायचे, आला काउंट. 20 काउंटची ली 3.24 ग्रॅम भरते, 16 काउंटची 4.05, 10 काउंटची 6.48. दोन पदरी 2/20 सूत 10 काउंटच्या जवळ येते, पिळामुळे किंचित जड. काटा मात्र 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. सॉफ्टवेअरमध्ये या ठिकाणी 'ठीक' आणि 'ठीक नाही' अशा दोन चौकटी ठेवू नयेत. वजन भरायची जागा ठेवावी, भागाकार संगणकाने करावा आणि सौद्यात ठरलेल्या मर्यादेशी ताडून निकालही त्यानेच द्यावा. 20 काउंटवर तीन टक्के कमीजास्त मान्य असेल, तर ली 3.15 ते 3.34 ग्रॅममध्ये बसली पाहिजे. बसली नाही तर ती लॉट, म्हणजे एकदम आलेल्या सुताचा तो गट, 'थांबवलेला साठा' या वेगळ्या गोदामात पडावी आणि वार्पिंग खात्याला, म्हणजे ताण्याचे उभे धागे बीम नावाच्या रुळावर गुंडाळणाऱ्या खात्याला, तिचे सूत देण्याची नोंदच होऊ नये.

यासाठी फार महागडी यंत्रणा लागते असे नाही. मुंबईत घडलेल्या ईआरपीनेक्स्ट या मुक्त स्रोत प्रणालीत प्रत्येक वस्तूच्या नोंदीत 'खरेदीआधी तपासणी हवी' आणि 'पाठवण्याआधी तपासणी हवी' अशा खुणा आहेत. मोजमापांचे किमान-कमाल आकडे किंवा सूत्र तिथे एकदा भरून ठेवता येते. तपासणी झालीच नसेल तर व्यवहार अडवायचा की नुसता इशारा द्यायचा, हे साठ्याच्या सेटिंगमध्ये ठरते. गडबड होते ती इथे. बीम थांबला, माग रिकामा राहिला, की मालक किंवा मॅनेजर 'अडवा' बदलून 'इशारा' करतो, आणि मग इशाऱ्यावर होय म्हणत म्हणत सगळा माल आत जातो. अडवणे उठवण्याचा अधिकार एकाच माणसाकडे असावा आणि उठवताना कारण लिहिल्याशिवाय पुढे जाता येऊ नये. ज्यांच्याकडे फक्त टॅली (हिशेबाची प्रणाली) आहे त्यांनी हे तिच्याकडून अपेक्षू नये. नाकारलेल्या मालाची व्हाउचर तिच्यात आहेत, पण मोजमाप घेऊन माल अडवणे हे तिच्या मूळ रचनेतले काम नाही.

मागावरून उतरलेल्या टॉवेलचा दोष कुठून आला हे कळायला त्याच्यासोबत माग क्रमांक, बीम क्रमांक, पाळी आणि सुताची लॉट एवढे चारच तपशील लागतात. घडीच्या टेबलापर्यंत येता येता ते हरवतात. कागदी बारकोड लावला तर धुलाईत किंवा रंगाच्या टाकीत त्याचा लगदा होतो. पिन मारून लावला तर गंजाचा डाग पडतो, आणि तो डाग सहजी निघत नाही. त्यापेक्षा न धुपणाऱ्या शाईने क्रमांक लिहिलेली कापडी पट्टी टॉवेलच्या कापायच्या टोकाला दोन टाके घालून लावावी. हेमिंगआधी, म्हणजे कडा दुमडून शिवण्याआधी, ती पट्टी काढायची, त्याच वेळी क्रमांक संगणकात घालायचा आणि पुढचा बारकोड तयार बंडलावर चिकटवायचा. या एका जागी आळस झाला की पुढचे सारे सॉफ्टवेअर आंधळे होते.

क्रमांक टिकला की दोष बोलू लागतात. टेरी, म्हणजे लूपच्या, टॉवेलमध्ये बाण्याचे (आडवे) दोन धागे कापडापासून थोडे दूर ठेवून तिसऱ्याच्या ठोक्याला तिन्ही एकदम पुढे रेटतात, तेव्हा पाइलच्या (लूपसाठीच्या) ताण्याचे लूप उभे राहतात. वीज गेली किंवा व्होल्टेज पडले की माग थांबतो. पुन्हा सुरू करताना पहिल्या धाग्याला फणीचा (धागा रेटणाऱ्या दातेरी चौकटीचा) ठोका पूर्ण बसत नाही आणि आडवी रेघ उमटते. तीन धाग्यांचे चक्र चुकीच्या धाग्यापासून सुरू झाले तर लूप नसलेली पट्टीच राहते. आता अशा रेघा एकाच मागावर सतत दिसत असतील तर ब्रेक-क्लच बघायचा. एकाच वेळेला सगळ्या मागांवर दिसत असतील तर विजेकडे बघायचे. उभी रेघ असेल तर फणीचे दात किंवा ताण्याचे धागे ओवताना झालेली चूक. तेलाचे डाग एकाच पाळीत वाढले तर तेल कोणी आणि कधी घातले ते विचारायचे. हे ओळखायला जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, संगणक लागत नाही, पण माग क्रमांकाशिवाय नुसता 'रेघ : 37 नग' एवढा आकडा हाती आला तर जॉबरही काही करू शकत नाही.

वजनाचे प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवे, कारण स्वयंचलित तपासणी इथेच सर्वांत जास्त फसते. 75 बाय 150 सेंटिमीटरचा, 480 जीएसएमचा (चौरस मीटरला 480 ग्रॅम) टॉवेल 540 ग्रॅम भरायला हवा. पाच टक्के कमीजास्त धरले तर 513 ते 567. संगणकाला जोडता येणारा, एक ग्रॅमपर्यंतचा काटा घडीच्या टेबलावर ठेवला की वजन हाताने लिहायचे कामच उरत नाही. लिहिणारा माणूस 540 च लिहितो. काटा खरे सांगतो. पाइलच्या बीमवरचा ताण वाढला की लूप आखूड होतात आणि टॉवेल हलका उतरतो. ताण ढिला झाला की उलटे होते. टॉवेलमागे 20 ग्रॅम जास्त गेले तर 10,000 टॉवेलांत 200 किलो सूत फुकट गेले; आणि जड माल कोणी परत पाठवत नाही, म्हणून हे नुकसान कोणाच्या लक्षातही येत नाही.

पण कापूस हवेतली ओल धरतो. व्यवहारात कोरड्या वजनावर 8.5 टक्के ओल धरली जाते. चाचणीसाठी आपल्याकडे 65 टक्के आर्द्रता आणि 27 अंश सेल्सिअस हे प्रमाण हवामान मानतात. सोलापूरचा एप्रिल-मे त्याच्या आसपासही नसतो. त्या 540 ग्रॅमच्या टॉवेलचे कोरडे वजन 498 ग्रॅमच्या जवळ येते. हवा कोरडी पडून ओल पाच टक्क्यांवर उतरली की तोच टॉवेल 523 ग्रॅम भरतो. सूत एक ग्रॅमही कमी झालेले नाही, 17 ग्रॅम फक्त पाणी गेले. मर्यादा घट्ट ठेवल्या असतील तर उन्हाळ्यात चांगला माल लाल दिव्यात जातो, मग वैतागून मर्यादा सैल केल्या जातात, आणि पावसाळ्यात खरोखर हलका असलेला टॉवेल ओलीच्या जोरावर सहज पास होतो. उपाय अवघड नाही. काट्याजवळ आर्द्रतामापक ठेवून त्याचा आकडा प्रत्येक पाळीला नोंदवावा. त्याखेरीज रोज काही नमुने ओव्हनमध्ये 105 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवावेत, त्या वजनात 8.5 टक्के मिळवावेत आणि निकाल त्यावर द्यावा. काट्यावरचा ओला आकडा मागांची आपसात तुलना करण्यासाठी ठेवावा, कारण एका पाळीत सगळ्या मागांना हवा सारखीच असते.

आणखी एक घोटाळा जीएसएम कटरचा. कटर 100 चौरस सेंटिमीटरचा गोल तुकडा कापतो. त्याचे ग्रॅममधले वजन गुणिले 100 म्हणजे जीएसएम. तो तुकडा लूपच्या भागातला असतो. अख्ख्या टॉवेलच्या वजनात बिनलूपची किनार आणि दुहेरी हेमही येते. दोन्ही आकडे सॉफ्टवेअरच्या एकाच रकान्यात भरले जातात आणि मग खरेदीदाराशी वाद होतो. रकाने दोन ठेवावेत.

शेवटच्या तपासणीत 'दहा टक्के माल बघतो' ही पद्धत सोडायला हवी. 200 नगांच्या मालात दहा टक्के म्हणजे 20 नग, त्यातून काही कळत नाही. 20,000 च्या मालात 2,000 नग बघावे लागतात, ते कोणी बघत नाही. आयएसओ 2859-1 या आंतरराष्ट्रीय मानकात, आणि आपल्याकडे आयएस 2500 च्या भाग 1 मध्ये, यासाठी तयार तक्ते आहेत. 3,000 टॉवेलांच्या मालाला सर्वसाधारण दुसऱ्या पातळीवर 125 नगांचा नमुना लागतो, एक्यूएल, म्हणजे चालवून घेण्याजोगी दोषांची टक्केवारी, 2.5 असेल तर 7 दोषी नगांपर्यंत माल मान्य, 8 झाले की अमान्य. 20,000 च्या मालाला 315 नग, 14 पर्यंत मान्य, 15 ला अमान्य. हे तक्ते एकदा सॉफ्टवेअरमध्ये भरले की कोणत्या बंडलातून नग काढायचा हेही संगणकालाच ठरवू द्यावे. माणूस वरचे, हाताशी असलेले बंडल उघडतो. लागोपाठच्या पाच किंवा त्याहून कमी मालांत दोन अमान्य झाले की तपासणी कडक करायची, आणि कडक तपासणीत सलग पाच मान्य झाले की पूर्ववत, हा नियमही सॉफ्टवेअरने आपोआप लावावा. बहुतेक ठिकाणी तो माहीत असतो, पाळला जात नाही.

खोटी नोंदही ओळखता येते. वीस टॉवेलांची वजने दोन मिनिटांत भरलेली आणि सगळी 539 ते 541 मध्ये असतील, तर ते वजन कोणी केलेलेच नाही. नोंदीची वेळ साठवा आणि असे आकडे दिसले की तो नमुना पुन्हा घ्यायला लावा.

कॅमेऱ्याने दोष पकडणारी यंत्रेही दाखवली जातात. साध्या, एकरंगी कापडावर ती कामाची आहेत. टेरीच्या लूपांच्या सावल्या आणि जॅकार्डची नक्षी यांमुळे ती दर मीटरला खोटी ओरड करू शकतात. आधी काटा, पट्टी आणि आर्द्रतामापक. कॅमेऱ्याचे नंतर बघता येईल.

गणवेशाच्या शिलाईत सर्वांत मोठा धोका तुटलेल्या सुईचा. मुलांच्या अंगावरचा कपडा आहे. नवी सुई स्टोअरमधून द्यायची तर जुन्या सुईचे सगळे तुकडे जमा झाल्याची नोंद आधी व्हावी, अशी अट सॉफ्टवेअरमध्ये घालता येते. तुकडा सापडला नाही तर त्या मशीनवरचे बंडल मेटल डिटेक्टरमधून गेल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता मजुरीविषयी. आपल्याकडे बरेच काम नगावर चालते. दोषांची नोंद सुरू झाली, की त्याच तक्त्यावरून विणकराच्या मजुरीतून पैसे कापायचा मोह होतो. तसे केले की दुसऱ्या आठवड्यापासून दोष दिसेनासे होतात: सेकंड टॉवेल चांगल्या बंडलाच्या मधोमध जातात, पट्ट्यांची अदलाबदल होते. माल सुधारत नाही, नोंद तेवढी बिघडते. वर सांगितलेल्या कारणांत बघा: वीज, ब्रेक, फणी, बीमचा ताण, सुताची लॉट. यांतले विणकराच्या हातात किती आहे? निदान पहिले सहा महिने दोषनोंद आणि पगार यांचा सॉफ्टवेअरमध्ये संबंधच जोडू नये, आणि हे कामगारांना लेखी सांगावे.

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. तरीही एकाच दोषाला एका कारखान्यात 'पट्टा', दुसऱ्यात 'रेघ' आणि तिसऱ्यात 'मार्क' म्हणतात, त्यामुळे धुलाईवाला, शिलाईवाला आणि व्यापारी यांच्या नोंदी जुळत नाहीत. यंत्रमाग आणि गारमेंट उत्पादकांच्या संघटनांनी मिळून पंचवीस-तीस दोषांची एकच सांकेतिक यादी करावी, प्रत्येकाचे छायाचित्र आणि संभाव्य कारण त्यात असावे. शहराच्या पूर्व भागातले अनेक विणकर घरी तेलुगू बोलतात, म्हणून यादी मराठी आणि तेलुगू दोन्हींत छापावी आणि मागांच्या ओळीत डोळ्यांच्या उंचीला लावावी. काटा संगणकाला जोडून देण्याचे काम इथल्या अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतनच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून देता येईल. ओव्हन आणि रॅप रील एकेका छोट्या कारखान्याला परवडत नसतील, तर एका वसाहतीत एक सामायिक खोली पुरे. तिथला निकाल लॉट क्रमांकासह त्याच दिवशी कारखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पोचला पाहिजे, म्हणजे ते सूत बीमवर चढण्याआधी.

आपले,
वस्त्रोद्योगातील काही गुणवत्ता तपासनीस,
सोलापूर