नंबर १ च्या डोक्यावरचा बारीक स्टार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारची तुमची करिअर पुरवणी वाचली. वाचली म्हणजे काय, आठातली पाच पानं प्रायव्हेट युनिव्हर्सिट्यांच्या जाहिरातीच होत्या आणि त्यातल्या तिघांनी आपणच 'नंबर १' असल्याचं छापलंय. त्या १ च्या डोक्यावर एक बारीक स्टार असतो, तो पानाच्या तळाशी शोधायला चष्मा काढून कागद नाकाला लावला तेव्हा कळलं की हा नंबर कुठल्याशा मासिकाच्या सर्व्हेतला, 'उदयोन्मुख' गटातला आणि तोही पश्चिम विभागापुरता. आमच्या घरात मीच सगळ्यात उंच, तशातली गत.

मी सांगलीत एका बँकेत एज्युकेशन लोनचं टेबल बघतो. मे ते ऑगस्ट रोज दोन-तीन आईबाप समोर बसतात आणि कॉलेजच्या नावावरून माझ्यासमोरच त्यांची जुंपते. आईला कुठल्यातरी मावशीनं सांगितलेलं असतं की तिथं पोरं बिघडतात, बापाच्या साहेबाचा मुलगा तिथंच असतो म्हणून बापाला तेच पाहिजे असतं, आणि पोरगं मोबाईलमधून मान वर न काढता म्हणतं, कॅम्पस भारी आहे. शेवटी सगळे एका वाक्यावर येतात, 'नाव आहे ओ त्या कॉलेजचं.' नाव म्हणजे काय विचारलं की उत्तर ठरलेलं, 'तिथं सहजासहजी घेत नाहीत.'

आता हे कुठं कुठं खरंच आहे, नाही म्हणत नाही. बिट्स पिलानी घ्या, प्रायव्हेटच आहे, गोव्यात पण कॅम्पस आहे, चार वर्षांची नुसती ट्यूशन फी वीस लाखांच्या वर जाते, पण बिटसॅट या त्यांच्या एंट्रन्सला मार्क नसतील तर पैसेवाल्याला पण मागच्या दारानं सीट मिळत नाही, सगळी लिस्ट मार्कांवर. अशा ठिकाणाबद्दल कुणी 'नाव आहे' म्हटलं तर मी पण मान हलवतो. पण बऱ्याच ठिकाणी एंट्रन्स एका दारात आणि मॅनेजमेंट कोटा दुसऱ्या दारात, आणि पालकांना ब्रोशरमध्ये फक्त पहिलंच दार दिसतं.

यंदाचीच गोष्ट. एकाच कॉलेजची, एकाच ब्रँचची दोन पोरं माझ्याकडं आली. केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली, त्यात एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्राच्याच कॉलेज-रँकिंगवरून निवडलेल्या कॉलेजांना विनातारण, विनाजामीन लोन मिळतं. कॉलेज त्या यादीत होतं, पहिल्याचं काम सुरळीत झालं. दुसऱ्याची ॲडमिशन मॅनेजमेंट कोट्यातली निघाली, आणि या कोट्याला ती योजना लागूच होत नाही. त्याचे वडील म्हणाले, 'साहेब, कॉलेज तेच, वर्ग तोच, बाकडं पण तेच की ओ!' खरं होतं त्यांचं, पण सरकारच्या लेखी एक पोरगा निवडलेला आणि दुसरा पैसे भरून आलेला. ज्या नावासाठी डोनेशन मोजलं त्या नावानं लोनच्या वेळी पाठ फिरवली.

दुसरे एक गृहस्थ तासगावकडचे, द्राक्षबाग आहे. मुलाला पुण्याच्या एका युनिव्हर्सिटीत घालायचं होतं, लोन अठरा लाख. त्या योजनेबाहेर साडेसात लाखांच्या वर साधारणपणे तारण लागतंच, म्हणून बागेचा सातबारा घेऊनच आलेले. ब्रोशरवर 'हायेस्ट पॅकेज'चा आकडा एवढा मोठा छापलेला की त्यांचा अंगठा त्याच्यावरून हलत नव्हता. मी त्यांच्यादेखत त्याच युनिव्हर्सिटीची वेबसाईट उघडली. एनआयआरएफला जी माहिती भरून देतात ती त्यांना स्वतःच्या साईटवर पण टाकावी लागते, बहुतेकांनी ती कुठंतरी तळाशी पीडीएफ करून लपवलेली असते, पण असते. त्यात एक तक्ता असतो, किती पोरं ठरलेल्या वेळेत पास झाली, किती जणांना नोकरी लागली, पुढं शिकायला किती गेली, आणि नोकरी लागलेल्यांचा मिडियन पगार. मिडियन म्हणजे सगळी पोरं पगाराच्या ओळीनं उभी केली तर बरोब्बर मधल्या पोराचा पगार, आणि ज्यांना नोकरीच नाही ती पोरं या ओळीत नसतातच. तो आकडा ब्रोशरच्या आकड्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास निघाला. मग कागदावर हप्ता काढून दाखवला, अठरा लाख, दहा टक्के, दहा वर्षं, महिन्याला जवळपास चोवीस हजार, कोर्स चालू असतानाचं व्याज वेगळंच. गृहस्थ बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, 'पाव्हण्यांत सांगून बसलोय ओ साहेब.'

हसू आलं नाही मला, कारण मी पण त्यातलाच. २०२४ ला माझ्या मुलीची बारावी झाली. एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीचं ऑफर लेटर आलं, सोनेरी बॉर्डरचं, 'यू हॅव बीन सिलेक्टेड', आणि खाली तीन दिवसांत सीट फी भरा. सीईटीचा कॅप राऊंड, म्हणजे मार्कांवर सीट वाटायची सरकारी फेरी, अजून सुरू पण नव्हता, तरी मी भरले पैसे, एज्युकेशन लोन देणाऱ्या माणसानं! पुढं तिला कॅपमधून इथंच सांगलीत वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला मिळालं आणि आम्ही ती सीट ऑगस्टमध्ये सोडली. त्या वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत ॲडमिशन रद्द केली तर पूर्ण फी परत द्या असं यूजीसीचं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं पत्रक होतं, तरी पैसे हातात पडायला दिवाळी उलटली, मधे अकरा मेल, आणि फोन कुणीतरी उचलायचं आणि 'अकाउंट्सला सांगते' म्हणून ठेवायचं. त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. भाचीच्या लग्नात एकानं विचारलं कुठं घेतली ॲडमिशन, वालचंद म्हटलं, तर म्हणाला, 'अरे, मग गावातच ठेवली व्हय.' १९४७ पासूनचं कॉलेज, इथून शिकून किती पिढ्या बाहेर पडल्या, पण घरापासून रिक्षानं जाता येतं म्हणजे ते मोठं नाही, असं झालंय आपलं. आणि ते ऐकून मी दोन मिनिटं ओशाळलो होतो हे पण लिहूनच टाकतो.

अजून एक, मुलींच्या आईबापांसाठी. जुलै २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षण), ओबीसी मुलींची ट्यूशन आणि परीक्षा फी राज्य सरकार पूर्ण भरतं, पण खासगी अभिमत (डीम्ड) आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळलीत. ही ओळ कुठल्याच जाहिरातीत नसते आणि टेबलावर मी सांगितली की लोकांना वाटतं बँकेला लोन द्यायचं नाही म्हणून फाटे फोडतोय.

सगळंच पगारावर मोजावं असं माझं म्हणणं नाही. एक बाई मुलीला सोनिपतच्या अशोका युनिव्हर्सिटीत पाठवायला निघालेल्या, तिथं निबंध, इंटरव्ह्यू घेऊन निवडतात. भावकीत बोलणी, लिबरल आर्ट्स शिकून करणार काय, तिथं राजकारण फार, २०२१ मध्ये तिथले प्राध्यापक प्रताप भानू मेहतांचा राजीनामा गाजला तो विसरलात काय. बाईंनी तिथं कोण शिकवतं आणि मेहता का गेले हे दोन्ही नीट वाचलेलं होतं, आणि ते पटवून घेऊन त्या निघालेल्या. मला असा पालक अख्ख्या सीझनमध्ये एखादाच भेटतो.

कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या नॅकच्या ए प्लस प्लसबद्दल तर बोलायची सोय नाही, फेब्रुवारी २०२५ मध्ये नॅकच्या तपासणी समितीतल्या लोकांनाच सीबीआयनं लाचेच्या केसमध्ये उचललं, बातमी तुम्हीच छापलीत. एनआयआरएफमध्ये पण माहिती कॉलेजंच भरून देतात आणि १० टक्के वजन 'परसेप्शन'ला आहे, म्हणजे नावाला नाव आहे म्हणून मार्क. तरी त्या मिडियनच्या रकान्याइतकं उघडं दुसरीकडं काही मला सापडलं नाही.

तर संपादकसाहेब, जाहिराती घेऊ नका असं कोण म्हणेल, पेपर चालवायचाय तुम्हाला. पण पुढच्या जूनला त्याच पुरवणीत एक पान द्या, आपल्या भागातली पोरं जिथं जातात त्या पंचवीस-तीस कॉलेजांचा फक्त हा तक्ता, पास किती, नोकरी किती, मिडियन किती, मॅनेजमेंट कोटा आहे का नाही. माहिती गोळा करायला माणूस नसेल तर मी रविवारी मोकळा असतो. पत्र लांबलंय, काटछाट करा, पण तासगावच्या गृहस्थांचं तेवढं ठेवा, ते सातबारा माझ्याकडंच ठेवून गेलेत आणि सोमवारी सांगतो म्हणालेत.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली