तारीख निवडली १२, पावतीवर छापली ११

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऐरोलीतील आमच्या सोसायटीतल्या एका आजोबांनी गेल्या महिन्यात एका सार्वजनिक सेवेच्या संकेतस्थळावरून भेटीची वेळ घेतली. तारीख स्वतःच निवडलेली असल्याने त्यांनी पावती पुन्हा वाचली नाही. १२ तारखेला सकाळी रिक्षा करून ते तिथे पोहोचले, तेव्हा खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने पावतीवरील ११ या आकड्यावर बोट ठेवून त्यांना परत पाठवले. मी सॉफ्टवेअर चाचणीचे काम करतो म्हणून ती पावती माझ्याकडे आली. मी तोच अर्ज दोनदा भरून पाहिला आणि दोन्ही वेळा छापील तारीख निवडलेल्या तारखेच्या एक दिवस मागे होती.

या खुणेवरून कारण बहुधा ओळखता येते. फोन १२ तारीख म्हणजे भारतीय वेळेनुसार त्या दिवसाचा आरंभ, रात्रीचे बारा, असे धरतो. ती वेळ जागतिक प्रमाणवेळेत बदलताना साडेपाच तास वजा होतात आणि ११ तारखेचे संध्याकाळचे साडेसहा उरतात. सर्व्हर त्याच प्रमाणवेळेवर लावलेला असेल, तर तास-मिनिटे गाळून तो ११ तारीख छापून मोकळा होतो. ज्याने ही आज्ञावली लिहिली त्याच्या संगणकावर मात्र दोन्ही टोकांना भारतीय वेळ असते, वजा झालेले साडेपाच तास परत मिळतात आणि चाचणी उत्तीर्ण होते. ‘आमच्याकडे तर चालतंय’ हे आमच्या धंद्यातले सर्वांत जुने उत्तर म्हणूनच बहुतेकदा खरे असते. आजोबांच्या रिक्षाभाड्याला त्याचा उपयोग नसतो, इतकेच.

यावरचा उपाय नवा नाही. ब्राउझर आपोआप चालवून चाचण्या घेणारे सेलेनियम २००४ पासून आहे, प्लेराइट २०२० मध्ये आले, आणि दोन्ही विनामूल्य आहेत. मुख्य पथ्य एवढेच की चाचण्यांचा संच एकच ठेवावा, आणि सर्व्हरचा पत्ता, डेटाबेस, पासवर्ड, वेळेचे सेटिंग यांसारख्या जागोजागी बदलणाऱ्या गोष्टी चाचणीच्या मजकुरात न लिहिता बाहेरून पुरवाव्यात. मग तोच संच आज भारतीय वेळेवर आणि लगेच जागतिक वेळेवर चालवायला एक ओळ बदलावी लागते, आणि वरची चूक पहिल्याच फेरीत पकडली जाते. प्रत्येक फेरीसाठी डॉकरसारख्या साधनाने कोरा कंटेनर, म्हणजे आज्ञावली चालवण्यापुरती वेगळी केलेली जागा, उभा करून त्यात ठरावीक नमुना माहिती भरली, की कालच्या चाचणीचा कचरा आजच्या निकालात मिसळत नाही.

खर्च आणि वेळ यांची सबब नेहमी पुढे येते, म्हणून थोडा हिशेब मांडतो. अँड्रॉइडच्या ४ आवृत्त्या, ३ ब्राउझर, मराठी व इंग्रजी अशा २ भाषा आणि सर्व्हरच्या वेळेची २ सेटिंग्ज धरली तर ४८ जोडण्या होतात. एका फेरीला २० मिनिटे लागली तर एकापाठोपाठ एक चालवायला १६ तास हवेत. परंतु कोणत्याही दोन घटकांची प्रत्येक जोडी किमान एकदा तपासली जावी, एवढीच अट ठेवली तर १२ फेऱ्या पुरतात, म्हणजे ४ तास. हे काम रात्री आपोआप होऊ शकते. दिवसा प्रत्येक बदलानंतर मोजक्या, झटपट चाचण्या पुरेत. चालू, खऱ्या यंत्रणेवर मात्र केवळ पाहणाऱ्या, काहीही न लिहिणाऱ्या चाचण्या घ्याव्यात, नाहीतर नमुना अर्जाचा एसएमएस खऱ्या नागरिकाच्या फोनवर जायचा. नापास झालेली चाचणी पास होईपर्यंत पुन्हा पुन्हा चालवण्याची आमच्या क्षेत्रातली सवयही इथे कबूल केलेली बरी. तो निकाल नव्हे, नवस आहे.

भाषेचा मुद्दा तर मराठी सेवांसाठी वेगळाच महत्त्वाचा आहे. ‘गोऱ्हे’ किंवा ‘कऱ्हाडे’ या आडनावांतला ‘ऱ’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, एका अक्षराने लिहिता येतो, तसाच ‘र’ अधिक नुक्ता (अक्षराखालचे टिंब) अशा दोन चिन्हांनीही. पडद्यावर दोन्ही हुबेहूब दिसतात, पण आज्ञावलीने ते आधी एकरूप केले नाहीत तर एका कळफलकावरून नोंदवलेले नाव दुसऱ्या कळफलकावरून शोधताना सापडत नाही. चाचणीत नावाच्या जागी केवळ ‘टेस्ट युजर’ भरले जात असेल, तर हा दोष कितीही रात्री चाचण्या चालवल्या तरी उघडा पडणार नाही. त्यासाठी नमुना माहितीतच अशी नावे, देवनागरी अंक आणि लांबलचक पत्ते असावे लागतात.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात हे काम रोज करणारी माणसे हजारोंनी आहेत, त्यामुळे कौशल्याची अडचण असू नये. सार्वजनिक सेवांचे सॉफ्टवेअर बनवून घेणाऱ्या यंत्रणांनी निविदेतच कोणकोणत्या आवृत्त्या, भाषा आणि वेळेच्या सेटिंग्जवर स्वयंचलित चाचण्या झाल्या पाहिजेत हे लिहावे, आणि प्रत्येक नव्या आवृत्तीसोबत त्यांचा निकाल मागून घ्यावा, अशी माझी विनंती आहे. त्या यादीत ‘सर्व्हर जागतिक वेळेवर, फोन भारतीय वेळेवर’ ही ओळ पहिली असावी.

आपला,
एक चाचणी अभियंता,
ऐरोली, नवी मुंबई