मृणू, झुकोबद्दल फोनवर राहून गेलेलं

प्रिय मृणू,

परवा फोन ठेवला तेव्हा सव्वाबारा वाजून गेले होते आणि तुझं ते शेवटचं वाक्य रात्रभर डोक्यात घोळत राहिलं, की दोन सीझन खपून झुकोसारखा एक माणूस उभा केला आणि शेवटच्या वीस मिनिटांत सगळ्यावर पाणी फिरवलं. मी नुसती नाही नाही म्हणत राहिले, मुद्दा काही धड मांडता आला नाही. म्हणून लिहायला बसलेय. लांबणार आहे, आधीच सांगते.

तुला माहितीये ना, दिवाळीच्या सुट्टीत ओवी आमच्याकडे होती. अकरा वर्षांची झालीय आता. तिला 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' हे कार्टून पहिल्यापासून दाखवलं, सगळे 61 एपिसोड, बारा दिवसांत, रोज दुपारी जेवणं उरकली की पडदे ओढून. अमेरिकेत हे 2005 ते 2008 मध्ये लागायचं आणि आपण बघितलं ते 2011 ला हॉस्टेलवर, तुझ्या त्या लॅपटॉपवर, ज्याची स्क्रीन मागे जाड पुस्तक टेकवल्याशिवाय उभीच राहायची नाही. तेव्हापासून आपण याच एका गोष्टीवर भांडतोय. पण यावेळी शेजारी पहिल्यांदाच बघणारं कुणीतरी बसलं होतं, आणि तिच्याकडे बघता बघता मला माझंच म्हणणं जरा नीट कळलं.

तर ती बा सिंग से शहराच्या खालची हिरव्या स्फटिकांची गुहा. तुझं म्हणणं काय, की झुको, बापाने हाकललेला तो फायर नेशनचा राजपुत्र, त्याआधीच बदलला होता. अवतार आंगच्या उडत्या बायसनला, अप्पाला, त्याने सोडून दिलं, मग तापाने फणफणला, तापातून उठला तो शांत होऊन, काकाच्या, आयरोच्या, चहाच्या दुकानात हसतमुखाने कप उचलायला लागला, आणि मग बहीण अझुला येऊन चार वाक्यं बोलते काय आणि हा काकाला सोडून तिच्या बाजूने उभा राहतो काय. लेखकांना तिसऱ्या सीझनसाठी व्हिलन हवा होता म्हणून पोराला मागे ढकललं असं तू म्हणालीस. मृणू, मला हेच पटत नाही गं. चहाच्या दुकानात तो शांत होता ते खरं, पण तेव्हा त्याच्याकडे होतं काय? राज्य नाही, बाप नाही, घर नाही, अवतारला पकडून घरी जायची आशासुद्धा संपलेली. जे हातात नाहीच ते सोडलं म्हणून त्याला सोडणं म्हणतात का? त्याला ते सगळं परत कुणी देऊच केलं नव्हतं. अझुलाने पहिल्यांदा देऊ केलं. आणि सोळा वर्षांचं पोर, ज्याने तीन वर्षं रोज सकाळी उठून फक्त घरी जायचा विचार केला, ते हो म्हणालं. मला तर तो नाही म्हणाला असता तर खोटं वाटलं असतं.

आणि मग बघ ना तिसऱ्या सीझनमध्ये काय करतात ते. त्याला सगळं मिळतं, अगदी सगळं. 'द स्टॉर्म' एपिसोड आठव. तेरा वर्षांचा झुको युद्धाच्या बैठकीत मध्येच बोलतो, नवीन भरती झालेल्या पोरांना मरायला पाठवू नका म्हणतो, आणि त्यासाठी बाप त्याचा चेहरा जाळतो. त्याच बैठकीत तो तिसऱ्या सीझनमध्ये परत येतो. यावेळी सगळे त्याची वाट बघत थांबलेले, बापाच्या उजव्या हाताला जागा राखलेली, आणि समोर अख्खं अर्थ किंगडम जाळून टाकायचा बेत चाललाय आणि हा गप्प. तेव्हा बोलला तर तोंड भाजलं, आता नाही बोलला तर शाबासकी मिळाली. बैठकीतून बाहेर येऊन तो प्रेयसी मे-ला सांगतो की मी अगदी हवा तसा राजपुत्र होतो, पण तो मी नव्हतो. हे त्याला चहाच्या दुकानात बसून कधीच कळलं नसतं. बापाचं प्रेम मिळालं की कसं वाटतं हे त्याला मिळाल्यावरच कळणार होतं ना. मग ग्रहणाच्या दिवशी तो स्वतःच्या पायाने बापासमोर जाऊन उभा राहतो, सगळं तोंडावर सांगतो, आणि बाप वीज फेकतो तेव्हा काकाने शिकवलेल्याच पद्धतीने ती अंगातून वळवून परत पाठवतो. तू याला मागे ढकलणं म्हणतेस. मला वाटतं ज्याला दोनदा निवडावं लागतं त्याचंच दुसरं निवडणं टिकतं.

ओवीने त्या गुहेच्या एपिसोडला काय केलं सांगू? झुकोने आंगवर आग फेकली तशी ती उठली, रिमोट सोफ्यावर ठेवला आणि आत जाऊन माझ्या आईजवळ लसूण सोलत बसली. एक शब्द नाही. रात्री झोपताना विचारते, "मावशी, त्याचा काका आता त्याच्याशी बोलणार नाही का?" अवतारचं काय झालं, तो मेला का, हे नाही विचारलं. काका बोलेल का, एवढंच. आणि मला वाटलं हाच तर खरा प्रश्न आहे, आपण इतकी वर्षं प्लॉट बरोबर की चूक यावर भांडत बसलो.

अजून एक गोष्ट मला यावेळी पहिल्यांदा दिसली. त्याच गुहेत कटारा, आंगची पाणी वळवणारी वॉटरबेंडर मैत्रीण, झुकोच्या जखमेच्या व्रणाला हात लावते, आठवतंय? तिच्या गळ्यात उत्तर ध्रुवावरच्या त्या पवित्र तळ्याच्या पाण्याची कुपी असते, एकदाच वापरता येईल एवढंच पाणी, आणि ती ते त्याच्यासाठी वापरायला निघते. दोन मिनिटं उशिरा आंग आणि आयरो आले असते तर पाणी झुकोच्या गालावर संपलं असतं. मग तो दगा देतो, अझुलाची वीज आंगच्या पाठीत घुसते, आणि त्याच पाण्याने कटारा आंगला वाचवते. म्हणजे झुकोचा चेहरा बरा झाला असता तर आंग गेलाच होता. कटाराला हे माहितीये. म्हणून पुढे सगळे झुकोला माफ करतात, त्यांच्यातली टॉफ तर त्याच्याकडून पाय भाजूनसुद्धा करते, आणि ही एकटी त्याच्या खोलीत येऊन सांगते की एकदा जरी चुकलास तर मी तुला संपवीन. तू तिला तेव्हा आखडू म्हणायचीस. अगं, सगळ्यात आधी विश्वास तिने ठेवला होता ना, मग सगळ्यात जास्त पोळणार पण तीच.

'द सदर्न रेडर्स' या एपिसोडवर मात्र मी तुझ्याशी भांडणारच. तू म्हणालीस तिने आईच्या मारेकऱ्याला माफ करायला हवं होतं, आंग सांगत होता तसं, नाहीतर तिची वाढ अर्धवटच राहते. मला उलट वाटतं. तो सीन परत बघ, पावसाचा. तो मारेकरी, योन रा, बाजारातून घरी निघालाय, म्हातारा, खांदे पडलेला. कटारा पाऊस थांबवते, एकेक थेंब हवेत लटकतो, मग त्या थेंबांच्या बर्फाच्या सुऱ्या होतात आणि त्याच्या तोंडासमोर येऊन थांबतात. तो काय म्हणतो? माझी आई घे बदल्यात. कटाराची आई हिला वाचवायला स्वतः वॉटरबेंडर असल्याचं खोटं सांगून मेली, आणि हा माणूस स्वतःला वाचवायला आपली आई देऊ करतो. कटारा सुऱ्यांचं पाणी करून खाली सोडते. मारत नाही, पण माफही करत नाही, आणि नंतर धक्क्यावर बसून आंगला तसं सरळ सांगते की मी त्याला माफ केलं नाही, करणारही नाही. पण झुकोला मिठी मारते. एकाला माफी, एकाला नाही, आणि दोन्ही तिने स्वतः ठरवलेलं. मुलांच्या कार्टूनमध्ये चौदा वर्षांच्या मुलीला हे म्हणू दिलं, याचं मला आजही नवल वाटतं. आपल्याकडे लहानपणापासून मुलींना सांगतात सोड ना, विसर, मोठं मन कर. तिला कुणी मोठं मन करायला लावलं नाही.

आता तुझं जिथे बरोबर आहे ते पण लिहिते. ती चक्रं. पूर्वेच्या मंदिरात गुरु पथिक आंगला एकेक चक्र उघडायला शिकवतो, मूळापासून वर वर नेत, आणि शेवटच्या चक्राला सांगतो की कटाराची आसक्ती सोड. आपण तर हे शब्द घरात ऐकतच वाढलो, आजीच्या पोथीत असायचे, म्हणून तो एपिसोड बघताना माझ्या अंगावर काटा येतो. इतका मोठा प्रश्न उभा केला. आणि शेवटी झुकोच्या बापाशी, ओझाईशी, लढताना आंगच्या पाठीवरच्या जखमेवर दगड आपटतो आणि चक्र उघडतं. दगडाने! तू त्या रात्री हॉस्टेलवर उशी भिंतीवर मारली होतीस आणि मी तेव्हा बचाव करत बसले होते, पण यावेळी मलाही ते खुपलं. ओझाईला न मारण्याचं मला पटतं, चार आधीचे अवतार एकेक करून त्याला उलटंच सांगतात, त्यात यांगचेन तर त्याच्यासारखीच एअर नोमॅड, आणि तरी तो ऐकत नाही, हे मला फार आवडतं. पण ज्या गाठीवर अख्खा दुसरा सीझन बांधला ती त्याने स्वतः सोडवायला हवी होती. आणि नाटकाच्या एपिसोडमध्ये कटारा माझा गोंधळ झालाय म्हणत असताना तो तिला किस करतो, त्याबद्दल पुढे एक अक्षर नाही आणि शेवटी चहाच्या दुकानाच्या गॅलरीत दोघं एकत्र. हेही तुझं बरोबर. सॉरी तरी म्हणायला हवं होतं त्याने.

कटाराच्या भावाबद्दल, सोक्काबद्दल, आपलं कधीच भांडण नव्हतं, त्याने चौथ्याच एपिसोडला योद्धा सुकीसमोर गुडघे टेकले आणि विषय संपला.

पण अझुला. मृणू, अझुलाबद्दल तू दहा वर्षं जे बोलतेस ते मला आत्ता कुठे पोचलं. 'झुको अलोन'मध्ये आयरो युद्धावरून भेटी पाठवतो, झुकोला सुरी आणि अझुलाला बाहुली. ती बाहुली जाळून टाकते आणि आपण लगेच म्हणतो बघा कशी दुष्ट. पण जिला बाहुलीशी काही देणंघेणं नाही तिला बाहुली पाठवली, म्हणजे तिच्या काकाला ती माहीतच नव्हती. पुढे झुको म्हणतो तुम्ही आता मला बहिणीशी जमवून घ्यायला सांगाल, तर आयरो म्हणतो नाही, ती वेडी आहे, तिला खाली पाडायलाच हवं. आयरो! ज्याने झुकोसाठी कधी दार लावलं नाही तो. मग शेवटी ती चौदा वर्षांची पोरगी एका चेरीत बी निघाली म्हणून नोकराणीला हाकलते, मग एकेकाला, मग स्वतःचे केस स्वतःच कापते आणि आरशात आई दिसते तिला. आई म्हणते माझं तुझ्यावर प्रेम आहे, आणि ही ब्रश फेकून आरसा फोडते. साखळ्यांत अडकून ती जे रडते ते मला या खेपेला बघवलं नाही. त्यानंतर ती मालिकेत दिसतच नाही. 2013 च्या कॉमिकमध्ये तिची गोष्ट पुढे नेली, पण तू म्हणतेस तसं, टीव्हीवर बघणाऱ्यासाठी ती तिथेच रडत राहिली. झुकोला आयरो होता म्हणून झुको झुको झाला, हे मी मान्य करते. वाढ काय एकट्याची नसते गं, कुणीतरी थांबून राहावं लागतं.

आता तो तंबू, आणि मग संपवते. आयरो झोपलाय, झुको बाहेर थांबलाय, आत जायचा धीर होत नाही. कटारा समजावते तेव्हा जातो आणि रात्रभर गुडघ्यांवर बसून राहतो. सकाळी काका उठतो, पाठमोराच बसतो, आणि हा रडत रडत माफी मागायला लागतो, वाक्य पुरं व्हायच्या आत आयरो त्याची कॉलर धरून जवळ ओढतो. आयरोचा मूळ आवाज माकोचा होता, तो 2006 मध्ये गेला, इथे ग्रेग बाल्डविन आहे, पण मला आवाज बदललेला जाणवतसुद्धा नाही तिथे. ओवी माझ्या दंडाला धरून बसली होती. आणि मला तो तंबू दिसत नव्हता, मला आमचा जिना दिसत होता. 2014 ची संक्रांत. बाबांना नको ते बोलून मी मुंबईला निघून गेले होते, सात महिने फोन नाही, आणि परत आले तेव्हा तू रिक्षात माझ्याबरोबर होतीस, खाली मीटर चालू आणि मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बॅग घेऊन उभी. तू वर आली नाहीस, फक्त म्हणालीस मी इथेच आहे, जा. बाबांनी दार उघडलं आणि माझ्या हातातली बॅग घेतली. मी पाठ केलेलं सगळं तसंच राहिलं. म्हणून मला झुको चुकला ते हवंय, मृणू. तो गुहेतच शहाणा झाला असता तर त्याला त्या तंबूच्या दाराशी उभं राहावंच लागलं नसतं.

बरं, तू 20 डिसेंबरला येतेयस ना? ओवी पण तेव्हा इथेच असणार आहे. तिचं मत असं की अझुलाला कुणीतरी बाहुलीऐवजी सुरी पाठवायला हवी होती, आणि त्यावर तिला तुझ्याशीच बोलायचंय, माझ्याशी नाही. 'द चेस' परत बघू तिघी मिळून, टॉफ आणि आयरो चहा पितात तो. आई म्हणतेय तिळाचे लाडू आताच करून ठेवते. रिझर्व्हेशन झालं की कळव, स्टेशनवर मी येते.

तुझीच,
रेवा