शब्बाथची तेफिला पुन्हा सुरू : सभासदांसाठी सूचना

शालोम,

कोरोनामुळे बंद असलेली प्रार्थनास्थळं १६ नोव्हेंबरपासून उघडायला सरकारने परवानगी दिली आहे. त्यानुसार शुक्रवार, २० नोव्हेंबर २०२० रोजी सायंकाळी ६ वाजता आपल्या सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनागृहात) शब्बाथची (आठवड्याच्या पवित्र विश्रांतीदिनाची) तेफिला, म्हणजे प्रार्थना, होईल. शनिवारी सकाळी ८ वाजता.

मुख्य अडचण मिन्यानची, म्हणजे सामूहिक प्रार्थनेसाठी लागणाऱ्या किमान दहा प्रौढ पुरुषांची. ६५ वर्षांवरील आणि १० वर्षांखालील मंडळींनी घरीच थांबावं, असं सरकारी नियम सांगतात. आपल्या मिन्यानचे निम्मे खांब पासष्टीपुढचे! म्हणून तरुणांनो, गुरुवार रात्रीपर्यंत नावं कळवा. दहा पुरुष जमले नाहीत तर कद्दिश (मृतांच्या स्मरणार्थ म्हणायची प्रार्थना) म्हणता येणार नाही आणि यंदा कद्दिशची वाट पाहणारी घरं बरीच आहेत.

- मास्क पूर्ण वेळ, गातानाही.
- हातबोशी (एकमेकांच्या हातांना स्पर्श करून ते ओठांना लावणं) नाही. सवयीने हात पुढे येतीलच. लांबूनच "शब्बाथ शालोम" म्हणा.
- मेझुझा (दाराच्या चौकटीवरची पवित्र लेखाची डबी) आणि सेफेर तोरा (तोरा धर्मग्रंथाची गुंडाळी) यांना हात लावून चुंबन घेऊ नये.
- सिद्दूर (प्रार्थनेचं पुस्तक) व किप्पा (टोपी) घरून आणा.
- किद्दुशला (शब्बाथच्या आशीर्वादाच्या विधीला) मनुकांचं सरबत वाटलं जाणार नाही. फक्त हझ्झान (प्रार्थना चालवणारे) घेतील.
- मलिदा (गोड पोहे व फळांचा आभारविधी) तूर्त घरीच करा.

ताप, खोकला असेल तर कृपया येऊ नका. कोणी नावं ठेवणार नाही.

– सचिव