भावनिक फक्त झाडवालेच?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोरेगावच्या आरे जंगलात मेट्रो-३च्या गाड्या ठेवण्या-दुरुस्तीसाठी झाडं तोडून केलेल्या कारशेडसंदर्भात एका वाचकाने आपल्या पत्रांच्या सदरात ‘पर्यावरणवाद्यांनी भावनिक न होता वस्तुस्थिती बघावी’ असा सल्ला दिला आहे. गोरेगावात राहणाऱ्या आम्हा मंडळींना तो २०१९ पासून पाठ झाला आहे.

पण भावना काय फक्त झाडवाल्यांनाच असतात? मेट्रो-३च्या बाजूने जे बोललं गेलं त्यात लोकलच्या दारात लोंबकळणारी माणसं होती, गाडीतून पडून जाणारे जीव होते, मुंबई मागे पडेल ही धास्ती होती. त्यात खोटं काही नव्हतं. लोकलने चर्चगेटपर्यंत उभ्याने जाण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि आता मेट्रोच्या गारव्यात मीही बसते. मात्र ती तळमळ ‘विकासा’च्या खात्यात जमा होते आणि झाडासाठी कुणाचे डोळे भरले की तो रडेपणा ठरतो.

४ ऑक्टोबर २०१९ला उच्च न्यायालयाने या तोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. आमच्या सासूबाई जन्मात कधी मोर्चाला गेल्या नाहीत, कारशेडशी त्यांना घेणं ना देणं. दुसऱ्या दिवशी बातम्या बघताना मात्र त्या तडकल्या. ‘दिवेलागणीनंतर तुळशीचं पान खुडत नाही आपण, आणि यांनी झोपलेली झाडं कापली?’ हे वाक्य कुठल्या प्रकल्प अहवालात बसायचं नाही. पण रातोरात एवढी घाई कसली, हाच प्रश्न त्या दिवशी सगळ्या मुंबईच्या तोंडी होता. एका कायद्याच्या विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. सर्वोच्च न्यायालयाने तीच याचिका मानली आणि दसऱ्याच्या सुटीत, ७ ऑक्टोबरला, तोड थांबवली. तोवर २,१४१ झाडं आडवी झाली होती आणि विरोध करणाऱ्या २९ जणांना अटकही झाली होती.

आणि ही माणसं अचानक गहिवरून आली होती असंही नाही. त्याआधी झाडतोडीला परवानगी देणाऱ्या महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे ८० हजारांवर हरकती गेल्या होत्या. वस्तुस्थितीच बघायची तर हीसुद्धा बघावी, की पुढे सर्वोच्च न्यायालयाने आणखी ८४ झाडांपुरती मुभा दिली असताना त्याहून जास्त झाडांसाठी प्राधिकरणाकडे धाव घेतली म्हणून मेट्रो कॉर्पोरेशनला एप्रिल २०२३मध्ये १० लाखांचा दंड झाला. तिथे भावनेच्या भरात कोण वाहवत गेलं?

झाडांना मिठी मारून तोड अडवणाऱ्या हिमालयातल्या चिपको आंदोलनाचं आपण कौतुक करतो. १९७४मध्ये रेणी गावच्या गौरादेवींनी जंगलाला माहेर म्हटलं, तेव्हा तेही ‘भावनिक’च होतं. सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने नंतर गावकऱ्यांचंच म्हणणं उचलून धरलं आणि अलकनंदेच्या खोऱ्यात त्या भागात दहा वर्षं तोडबंदी झाली. आधी जीव तुटला, मग अभ्यास झाला.

आता दोन शब्द आमच्याच बाजूच्या लोकांना. आमची माया निवडक आहे. आरेतल्या पाड्यांवरच्या वारली कुटुंबांसाठी ते रान म्हणजे रविवारचा फेरफटका नव्हे. तिथे त्यांची भाजी आहे, सरपण आहे, त्यांचा देव वाघोबा आहे. कारशेडसाठी प्रजापूरपाड्यातली घरं उठली ती झाडांच्या आधी, आणि तेव्हा शहराचे डोळे बऱ्यापैकी कोरडे होते. खोडाला मिठी मारल्याचा फोटो छापून येतो, घराच्या चंद्रमौळी भिंतीला कोण मिठी मारणार? याबद्दल कुणी आम्हाला टोकलं तर ते मला मान्य आहे. ‘भावनिक होऊ नका’ मात्र नाही.

एक विनंती आपल्यालाही. झाड तोडायचं तर कायद्याने त्याच्यावर नोटीस चिकटवावी लागते आणि वर्तमानपत्रात जाहीर करावी लागते. खोडावरचा कागद पहिल्या सरीत जातो. वर्तमानपत्रातली नोटीस निविदांच्या गर्दीत, भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा टायपात असते. ती नजरेस पडेपर्यंत हरकतीची मुदत टळलेली असते. या नोटिसा विभागवार, निदान बातमीच्या टायपात, स्थानिक पानावर देता येतील का? गोरेगाव, मुलुंड, बोरिवली अशी नावं वर ठळक असली तरी पुरे. जागा थोडी जाईल, पण राशिभविष्याइतकीच.

आपली,
एक नियमित वाचक, गोरेगाव (पूर्व)