रात्रभराचं मोजमाप

नॉक्सव्हिल, टेनेसी

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

आई, रविवारी तू पुन्हा विचारलंस, "प्लुटोनियमपाशी काम करतेस, तुला काही होणार नाही ना?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

प्लुटोनियममधून अल्फा कण निघतात. ते हवेत चार सेंटिमीटरही जात नाहीत, कातडीवरचा मृत थरसुद्धा त्यांना अडवतो. धोका आहे तो श्वासातून किंवा जखमेतून शरीरात गेलं तर. मग ते हाडांत आणि यकृतात वर्षानुवर्षं ठाण मांडतं. म्हणून प्लुटोनियम हाताळणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांची लघवी तपासतात. त्या तपासणीची पद्धत सुधारणं हे माझं काम. माझ्या नळीत प्लुटोनियम असतं फक्त 1 मिलिबेकरेल (बेकरेल हे किरणोत्सर्ग मोजायचं एकक). एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातल्या एका भागाच्या निम्म्याहूनही कमी.

बाबा, आता तुमचा प्रश्न, एवढंसं मोजता कसं? जो कण कातडीपाशी थांबतो तो वाळलेल्या नमुन्याच्या जाडसर थरातही अडकून पडतो, यंत्रापर्यंत पोचत नाही. त्यावर इथून जवळच, ओक रिजच्या प्रयोगशाळेत, जॅक मॅकडॉवेल यांनी सुरेख तोडगा काढला. कण यंत्रापर्यंत येत नाही ना, मग त्याच्याभोवतीचा द्रवच चमकू द्या! हा द्रव टोल्युइनचा, वास थेट रंगाच्या थिनरसारखा. त्यातच प्लुटोनियम ओढून घेणारं रसायन मिसळलेलं असतं. आम्लात विरघळलेला नमुना आणि हा द्रव एकत्र हलवायचा, मग ठेवून द्यायचा. ताक घुसळल्यावर लोणी वर येतं तसा तेलकट थर वर येतो. फरक एवढाच, की लोण्याला पाणी नकोच असतं, प्लुटोनियमला मात्र पाणीच हवं असतं. त्याला हाताला धरून वर न्यावं लागतं. वरच्या थरातला एक मिलिलिटर बोटाएवढ्या नळीत घालून अंधाऱ्या डब्यात ठेवायचा. जवळजवळ प्रत्येक अल्फा कण प्रकाशाचा एक ठिपका देतो. किरणोत्सर्गातून निघणारे दुसरे कण म्हणजे बीटा. बीटा कणाची चमक झटकन विझते, अल्फाची किंचित रेंगाळते. तेवढ्यावरून यंत्र दोघांना वेगळं काढतं. अल्फा मोजायचं दुसरं, सिलिकॉनचं यंत्र कणांच्या ऊर्जेतले फरक याहून कितीतरी बारीक दाखवतं, पण बरेचसे कण त्याच्या हातून निसटतात. म्हणून मला ही चमकत्या द्रवाचीच पद्धत आवडते.

मागच्या महिन्यात एकदा नळीतून आर्गॉन वायूचे बुडबुडे सोडायचे माझ्याकडून राहिले. द्रवात विरघळलेला ऑक्सिजन त्या बुडबुड्यांनी बाहेर निघतो, नाहीतर तो नेमकी ती रेंगाळणारी चमक खाऊन टाकतो. अल्फा-बीटा एकमेकांत मिसळले आणि दोन दिवसांचं मोजमाप वाया गेलं. फार वाईट वाटलं. तो नमुना खऱ्या कामगाराचा असता तर त्याला आणखी दोन दिवस वाट बघायला लागली असती, आणि त्याच्या घरच्यांनाही. तेव्हापासून आर्गॉनच्या वेळेची नोंद वहीत केल्याशिवाय नळी डब्यात जात नाही.

आई, हातमोजे दोन-दोन घालते, काम बंद कपाटातच चालतं आणि माझीसुद्धा तपासणी ठरल्या वेळी होते. बाबा, बीपीची गोळी चुकवू नका. दिवाळीला पंधरा दिवसांची रजा मिळाली आहे, तिकीट काढलंय.

1 मिलिबेकरेल म्हणजे साधारण सतरा मिनिटांना एक ठिपका, त्यामुळे आजची नळी रात्रभर चालेल. मी लिहायला बसल्यापासून तीन पडले होते. हा आत्ता चौथा.

तुमची,
ताई