तळाला खिडकी असलेली घरगुती होडी : तट हवाच

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ठाणे आणि नवी मुंबईतील काही हौशी तरुण मरिन प्लायवूडची छोटी होडी घरीच बांधतात आणि पाण्याखालचे दिसावे म्हणून तिच्या तळाला पारदर्शक खिडकी बसवतात. आमच्या वसाहतीत अशी एक होडी तयार होत असताना मीही हातभार लावला, त्यामुळे या छंदाविषयी मला मनापासून आपुलकी आहे. मात्र खिडकी केवढी असावी याचीच चर्चा होते, तिच्याभोवतीच्या तटाचा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या उभ्या पेटीचा, विचार क्वचितच होतो, याची मला काळजी वाटते.

खिडकीच्या चारही बाजूंनी प्लायवूडच्या उभ्या फळ्यांची जलाभेद्य पेटी केली आणि तिची वरची कड जलरेषेच्या, म्हणजे बाहेरचे पाणी होडीला जिथपर्यंत टेकते त्या रेषेच्या, चांगली वर ठेवली, तर तावदान तडकले तरी आत शिरलेले पाणी पेटीतच बाहेरच्या पातळीपर्यंत चढून थांबते. त्या वेळी होडी थोडी अधिक खाली बसते, म्हणून पेटीची उंची रिकाम्या होडीवरून न ठरवता माणसे बसल्यावरच्या जलरेषेवरून ठरवावी.

तावदान खालून, म्हणजे पाण्याच्या बाजूने बसवावे. ६० बाय ४० सेंटीमीटरचे तावदान जलरेषेखाली १५ सेंटीमीटरवर असेल, तर पाणी त्याला सुमारे ३६ किलो भाराइतक्या जोराने वर ढकलते. खालून बसवलेले तावदान या रेट्याने तळावर घट्ट दाबले जाते. आतून बसवलेले मात्र त्याच रेट्याने उचकटू पाहते. साध्या काचेपेक्षा जाड अ‍ॅक्रेलिक बरे, पण ते उन्हात प्लायवूडपेक्षा कितीतरी अधिक प्रसरण पावते. त्यामुळे स्क्रूची भोके थोडी सैल ठेवून मध्ये लवचीक सीलंट भरावे; स्क्रू करकचून आवळले की भोकांपासूनच चिरा पडू लागतात.

पहिली चाचणी गुडघाभर पाण्यात, माणसांच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या ठेवून करावी. पेटीच्या कोपऱ्यांत कोरडा वर्तमानपत्री कागद अंथरला की एक थेंब झिरपला तरी डाग लगेच उमटतो. आम्ही तसेच केले आणि एका कोपऱ्यातील गळती किनाऱ्यावरच कळली.

ही चाचणी ठाणे खाडीत मुळीच करू नये. तेथील गाळामुळे खिडकीतून जवळपास काहीच दिसत नाही, ओहोटीला होडी चिखलात रुतते आणि कालवांच्या धारदार शिंपल्यांनी तावदानावर ओरखडे पडतात. शिवाय खाडीचा मोठा भाग फ्लेमिंगो अभयारण्य असून २०२२ पासून त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, म्हणजे रामसर, दर्जा आहे; तेथे हौसेखातर होडी घालणे उचित नाही.

ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात. महापालिकेने हिवाळ्यातील एखाद्या रविवारी सकाळी एक तलाव जीवरक्षकांच्या देखरेखीखाली अशा होड्यांच्या चाचणीसाठी खुला करावा, लाइफ जॅकेट सक्तीचे करावे आणि खिडकीभोवती तट नसलेली होडी पाण्यात उतरू देऊ नये, अशी माझी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, कोपरी, ठाणे (पूर्व)